पाण्याला कान लावणारे काका

एका माणसावर वर्षभर खोटा आळ राहिला. तो खोटा आहे हे मला पक्कं माहीत होतं, कारण चूक माझी होती, आणि मी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे काकांच्या गमतीजमती लिहिताना मी स्वतःला हळूच बाजूला काढून घेईन. ती सवय मला आहे.

काका आता कुडाळजवळच्या त्यांच्या गावी राहतात. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रे, पाणी वेळेवर येता मां?" माझी तब्येत, मुलीची परीक्षा, सगळं त्यानंतर.

वांद्र्याची भाड्याची खोली सोडून आम्ही मुलुंडला आलो तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. इमारत डोंगराच्या बाजूला, आमचं घर सातव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोंगर दिसायचा आणि मी चहाचा कप हातात घेऊन तो बघत राहायचो. दोन आठवडे हे चाललं. मग बायको म्हणाली, "डोंगर डोंगर करून हे घर घेतलंत. आता जाऊन तरी या एकदा."

म्हणून एका रविवारी सकाळी निघालो. आमचा रस्ता पुढे जाऊन एका भिंतीशी संपतो. भिंतीला लागून नाल्याच्या कडेने पायवाट जाते. तिथे एक म्हातारा गृहस्थ गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, जमिनीवर टेकवलेल्या लोखंडी सळईच्या वरच्या टोकाला कान लावून बसला होता. अंगात खाकी शर्ट, पायात गमबूट. पावसाचा पत्ता नव्हता, फेब्रुवारी चालू होता.

मला वाटलं चक्कर आली. "काका, पडलात का?"

त्यांनी न बघताच हात वर केला. गप्प राहा, असा. मग बऱ्याच वेळाने माझ्याकडे बघितलं आणि सळई पुढे केली. "ऐक."

सळईच्या टोकाला वाटीसारखा पितळी तुकडा होता. मी कान लावला.

"काय ऐकू आलं?"

"काहीच नाही."

"मग बरोबर. खालचा पाईप शाबूत आहे. छत्तीस वर्षं मी काही ऐकू न येण्याचा पगार घेतलाय, साहेब. राहता कुठे?"

मी इमारतीचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. "म्हणजे पावणेसहा ते सव्वासात. शेवटची वीस मिनिटं प्रेशर नसतं."

अगदी खरं होतं. त्या वीस मिनिटांवरून आमच्या घरात रोज भांडण व्हायचं.

काका पाणीखात्यातून निवृत्त झालेले. आधी ते चावीवाले होते, म्हणजे रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून लांब दांड्याच्या चावीने त्या त्या वस्तीचं पाणी सोडणारे. पुढे कान तयार आहे म्हणून त्यांना गळती शोधायच्या कामावर घेतलं. वडील गिरणीत होते, त्यांचे कान साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजाने गेले. काका म्हणायचे, "बापाशीचे कान गेले ते माका मिळाले." नोकरी संपली तरी सळई त्यांच्याकडेच राहिली, आणि रोज सकाळी भांडुपहून निघून डोंगराच्या कडेकडेने ती टेकवत चालणं हाच त्यांचा उद्योग होता. त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. खात्यात आता मशिनं आली होती.

माणसं त्यांना पाण्याच्या वेळेवरून लक्षात राहायची. नावं ते विसरत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की मला हळूच सांगायचे, "हा साडेचारचा. बिचारा झोपत नाही." त्यांच्या भाचीला भांडुपचं स्थळ आलं तेव्हा घरातल्यांनी मुलाचं शिक्षण, नोकरी विचारली. काकांनी एकच विचारलं, "घर टेकडीवर का टेकडीखाली?" टेकडीवर, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "पोरगी देऊ नका. थंय पाणी चढणा नाय." गंमत म्हणजे काका स्वतः त्याच टेकडीवरच्या बैठ्या चाळीत राहायचे. भाचीचं लग्न तिथेच झालं, आणि काका तिच्यासाठी रोज पहाटे उठून खालच्या नळावरून दोन हंडे वर नेऊन ठेवायचे. मी हसलो तर म्हणाले, "हसू नको मेल्या. मी सांगितलं होतं ना!"

पहिल्या महिन्यात साहेबाचा मी 'तू' झालो, आणि आमचे रविवार ठरून गेले.

त्यांच्याबरोबर चालायचे काही नियम होते. आल्या वाटेने परत जायचं नाही. भरभर चालायचं नाही. सुरुवातीला मी पुढे गेलो की मागून आवाज यायचा, "लिफ्ट गाठायची आहे का रे तुला?" एकदा मी मोबाइल बघून म्हणालो, "काका, आठ हजार पावलं झाली."

"कोणाला द्यायची आहेत?" ते म्हणाले.

सगळ्यात विचित्र नियम बाटलीचा. बाटली न्यायची, पण रिकामी. पहिल्या दिवशी त्यांनी माझी भरलेली बाटली एका कुंपणाच्या रोपात ओतली. "भरलेली बाटली असली की माणूस कुणाच्या दारात थांबत नाही. मग तू मुलूख काय बघणार? झाडं?"

मला कुणाकडे पाणी मागायची फार लाज वाटायची. काका दारात उभे राहून सरळ म्हणायचे, "ताई, पाणी. आणि तुमच्याकडे येतं किती वाजता?" पाणी मिळायचं आणि त्याबरोबर त्या घरातलं सगळं कळायचं. तबेल्यातल्या भैयाने ताक दिलं, वर त्याच्या गावच्या नदीची हकिगत सांगितली. नाल्याकाठी माठ आणि मुळा लावणाऱ्या बाईने कोवळे मुळे दिले. सहा महिन्यांत त्या डोंगरकडेला माझ्या ओळखीची वीसेक घरं झाली. वांद्र्यात तीस वर्षं राहून एवढी झाली नव्हती.

एकदा मी त्यांना रुळांच्या पलीकडे, नाहूरच्या बाजूने मिठागरांकडे घेऊन गेलो. सकाळचं ऊन त्या पाण्याच्या चौकोनांवर पडलं होतं, दूर खाडी चमकत होती, पाणपक्षी उतरले होते. मी भारावून उभा. काकांनी एक नजर टाकली आणि वळून चालायला लागले.

"काय झालं?"

"हे आपल्या खात्याचं पाणी नाही," ते म्हणाले.

पाडा त्यांनी मला उशिरा दाखवला. मी लायक झालो असं त्यांना वाटलं असावं. डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरं, आणि त्यांच्या वर अर्ध्या चढावर एका उंबराखाली झिरा. झिरा म्हणजे खडकामातीतून झिरपणारं पाणी जिथे साठतं तो खड्डा, हातभर खोल. तळ दिसेल असं स्वच्छ पाणी. एप्रिल-मेमध्ये पाड्याला तेवढंच पाणी, नाहीतर खालच्या वस्तीतल्या नळापर्यंत उतरायचं आणि भरलेले कॅन घेऊन अर्धा तास चढायचं.

झिऱ्याचेही नियम होते, पण ते काकांचे नव्हते, पाड्यातल्या बायकांचे होते. दहा पावलं अलीकडे पायताण काढायचं. बायकांचं सकाळचं पाणी भरून झालं की त्यावर पळसाची पानांसकट फांदी आडवी ठेवायची. फांदी असली म्हणजे झिरा निजलाय, त्याला भरू द्यायचं, कोणी हात लावायचा नाही. गमबूट न काढणारे काका तिथे गमबूट काढायचे. मी त्यांचे पाय पहिल्यांदा तिथेच बघितले.

पाड्यात मंगळीबाईचा शब्द चालायचा. साठीची, काटक, बोलायला तिखट. काकांना ती पानीवाला भाऊ म्हणायची. मला बघून तिने विचारलं, "ह्यो कोन?"

"नवीन आहे," काका म्हणाले. "पावणेसहाचा."

तिने तांब्याभर पाणी दिलं. तसं पाणी मी कधी प्यायलो नव्हतो. काका सळई झिऱ्याच्या कडेला टेकवून ऐकायचे आणि मग सळई तिच्याही कानाला लावायचे. "येतंय?" "येतंय," ती म्हणायची, आणि हसायची. छत्तीस वर्षं काही ऐकू न येण्याची वाट बघितलेला हा माणूस तिथे मात्र आवाज ऐकायला जायचा. कधीकधी म्हणायचा, "मंगळे, ह्याचं तोंड एकदा दगडांनी नीट बांधून घ्यायला हवं गो." ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे. तुझं खातं हितं नको."

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात काका आंब्या-फणसाला गावी गेले, आणि मी शहाणपणा केला.

कारण सांगतो, सबब म्हणून नव्हे. इमारतीत मला कोणी ओळखत नव्हतं. मी म्हणजे 'सातव्या मजल्यावरचे नवीन'. एका मीटिंगमध्ये डोंगराचा विषय निघाला तेव्हा मी झिऱ्याबद्दल बोललो, आणि पहिल्यांदा सगळे माझ्याकडे वळून बघू लागले. गाळ साचलाय, साफ केला तर पाड्याला पाणी वाढेल, असंही मी बोलून गेलो. ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सेक्रेटरी खूश. "झकास आयडिया, भाऊ! रविवारी श्रमदान टाकू. तुम्ही लीड करा."

आम्ही बारा जण गेलो. वरच्या वाटेने, म्हणजे पाडा लागलाच नाही. बायका त्या वेळी करवंदं-जांभळं घेऊन स्टेशनवर बसलेल्या असतात, पुरुष कामावर. पाड्यात विचारायला हवं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. चांगल्याच कामाला चाललो होतो ना.

झिऱ्यावर पळसाची फांदी होती.

तिचा अर्थ त्या बारा जणांत एकट्या मला माहीत होता. मागे सगळे फावडी घेऊन उभे होते, कुणीतरी फोटो काढत होतं. मी फांदी उचलली आणि बाजूला टाकली.

गाळ काढला, पाला काढला. तळाशी पांढरी, चिकट माती लागली, लोण्यासारखी. कुणीतरी म्हणालं, अजून थोडं खाली जाऊ, पाणी वाढेल. पहार माझ्या हातात होती. तीन घाव घातले. तिसऱ्याला ती एकदम आत गेली आणि गढूळ पाणी भसकन वर आलं. टाळ्या पडल्या. मग मी कडेने दगड लावले, अगदी नीट, एकावर एक. आयुष्यात मी इतकं चांगलं हातकाम केलं नव्हतं.

चार दिवसांनी एकटाच बघायला गेलो. दगड जागच्या जागी होते, आत थेंब नव्हता. ती पांढरी मातीच पाणी धरून होती आणि तिला मी भोक पाडलं होतं. मी दुसऱ्या वाटेने उतरलो, कुणी भेटू नये म्हणून. इमारतीच्या ग्रुपवरचा माझा फोटो काढून टाकला.

जूनमध्ये काका आले. फणसाचे गरे घेऊन आधी पाड्यावर गेले आणि संध्याकाळी तेच गरे घेऊन माझ्याकडे आले.

"मंगळीने पाणी दिलं नाही," ते म्हणाले. दारातच उभे होते. "म्हणते, एवढे नीट दगड कोण लावतो? खात्याचाच माणूस. म्हणते, तूच म्हणायचास ना तोंड बांधायचं, मग आणलीस तुझी माणसं आणि घालवलंस पाणी. मी म्हटलं मी गावी होतो गो. तर म्हणते, सळई तुझी का माझी?"

बायकोने पाणी आणून दिलं. ते त्यांनी प्यायलं नाही.

आणि मी विचारलं, "कोणी केलं असेल हो?"

मी विचारलं. तो माझा आवाज अजून मला ऐकू येतो.

पावसाळ्यात विषय मागे पडला. तेव्हा डोंगरात सगळीकडेच पाणी. आम्ही चालत होतो, पण पाड्याची वाट काकांनी सोडली होती. मार्च उजाडला आणि पाड्यातल्या बायका खालच्या नळावरून कॅन घेऊन चढताना दिसायला लागल्या. काका रस्त्याच्या कडेला उभे राहायचे. मंगळीबाई त्यांच्यासमोरून जायची आणि बघायची नाही.

एका रविवारी ते सळईशिवाय आले. त्यांचा उजवा हात मोकळा लोंबत होता, मधूनच मूठ मिटत होती.

"सळई कुठे?"

"माळ्यावर टाकली." नाल्याशी आल्यावर म्हणाले, "गावाला जायच्या आधी मी तिथे सळई जरा जोरात रोवली होती. मंगळीच्या समोरच. मला वाटतं, ती पांढरी माती तेव्हाच फुटली असणार. दगड कोणीही लावू देत. गळती माझीच."

घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोला सगळं माहीत होतं. तिने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "तुम्हाला त्या बायकांची भीती वाटत नाही. त्या काकांच्या नजरेतून उतरायची वाटते. पण तो माणूस स्वतःच्याच नजरेतून उतरलाय, त्याचं काय?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसला न जाता भांडुपला गेलो. टेकडीच्या पायऱ्या चढून वर पोहोचेपर्यंत धाप लागली. काका दारात बसून तांदूळ निवडत होते. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. फांदीचंही सांगितलं.

त्यांनी ताटातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग विचारलं, "पहार किती आत गेली?"

"वीतभर."

"सरळ का तिरकी?"

"तिरकी. डोंगराकडून खाली."

"खाली काय लागलं? मुरूम का खडक?"

"भुसभुशीत होतं. मुरूमच असेल."

त्यांनी ताट बाजूला ठेवलं. चेहरा एकदम उजळला. "म्हणजे पाणी गेलेला नाय रे! खाली उतरलाहा! मी सांगतंय तुका, त्या खालच्या कातळापाशी..." आणि मग बहुधा पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की मी काय सांगितलं. आवाज खाली गेला. "वर्षभर माझ्याबरोबर चाललास."

"हो."

"माझ्याबरोबर बसून पाणी प्यायलास लोकांकडे."

"काका, माझं..."

"माझ्याकडे नको," ते म्हणाले. "मी काय, मी नळाचं पितो. कॅन तिने वाहिले. आणि माझ्याबद्दल जे बोलायचं ते तिने बोलून झालंय. तिथे जाऊन सांग. मी येतो पण वर येणार नाही."

पाणी पुढे सापडलं, हे इथेच सांगतो. जुन्या जागेपासून चाळीसेक पावलं खाली, काकांनी सांगितलेल्या कातळाच्या बुडाशी. सलग पाच पहाटे ते तिथे सळईला कान लावून बसले, आणि सहाव्या दिवशी बायकांनी हातांनी, खुरप्यांनी माती काढली. मला त्यांनी हात लावू दिला नाही. पूर्वीइतकं पाणी नाही, पण घराला जवळ आहे. काका गावी कायमचे निघाले तेव्हा पाड्यातल्या बायका त्यांना सोडायला रस्त्यापर्यंत आल्या होत्या. तिथेही ते प्रत्येकीला सांगत होते, घाई करू नका, भरू द्या त्याला.

पण हे सगळं नंतरचं. त्या सोमवारी आम्ही दोघं भांडुपहून रिक्षाने आलो आणि डोंगराच्या पायथ्यापासून चालत निघालो. पाड्याच्या अलीकडच्या वळणावर काका एका दगडावर बसले. मी पुढे गेलो.

मंगळीबाई अंगणात करवंदं निवडत होती. आणखी सात-आठ बायका होत्या, कुणी द्रोण लावत होती, कुणी नुसतीच टेकली होती. मी तिच्याजवळ खाली बसलो आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. तिने पूर्ण ऐकून घेतलं. हात थांबले नाहीत.

"मंग वरीसभर गप का ऱ्हायलास?"

"लाज वाटत होती."

"आन् त्याला आमी काय काय बोललो, ते ठावं हाय तुला?"

"आहे."

"मी एकटी नाय बोलली. समद्या बोलल्या." तिने बायकांकडे मान केली. "मंग माझ्या कानात काय सांगतोस? हुबा ऱ्हा. त्यांना सांग."

मी उभा राहिलो. करवंदांच्या चिकाने हात काळे झालेल्या त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. त्यांतल्या दोघींना मी रोज सकाळी आमच्या इमारतीच्या फाटकापाशी कॅन घेऊन जाताना बघत होतो.

"तुमचं पाणी मी घालवलं," मी म्हणालो. "काकांनी नाही. ते तेव्हा इथे नव्हतेच. मी न विचारता आलो, पहार मारली, आणि बिघडलं ते कळल्यावर पळून गेलो. तुम्ही त्यांना बोलत होतात तेव्हा मला ठाऊक होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. तुम्ही उन्हाळाभर खालून पाणी वाहिलंत ते माझ्यामुळे. माझं चुकलं. मला माफ करा."